माळावरच्या गवताची वैरण: फुलोऱ्यावर कापा, सुकवून रचा

मोबाईलवर परदेशातली हिरवीगार कुरणं बघून ‘टॉल फेस्क्यूचं बी आपल्याकडं मिळेल का?’ असं खानापूर-निपाणीकडचे म्हशीवाले हल्ली विचारतात. त्या बियाण्यामागं लागू नका, असंच मी सांगतो. फेस्क्यू थंड हवेचं गवत आहे. साधारण १५ ते २५ अंशांत ते जोमानं वाढतं आणि पारा ३० च्या वर गेला की मरगळतं. एप्रिलमध्ये बेळगावातच पारा ३५ च्या पुढं जातो, अथणी-रायबागकडं त्याहून वर.

शिवाय त्याच्या अंगात एक बुरशी राहते. अमेरिकेत केंटकीच्या एका शेतात १९३१ साली सापडलेलं वाण १९४३ साली ‘केंटकी-३१’ नावानं प्रसारित झालं. बुरशीमुळं ते काटक ठरलं, पण त्याच बुरशीच्या विषानं जनावरांच्या रक्तवाहिन्या आकसतात. थंडीत खुर आणि शेपटीचे शेंडे झडतात, उन्हाळ्यात जनावर धापा टाकतं, दूध घटतं. गवत वाळवलं तरी विष पुरतं जात नाही. निर्धोक बुरशीची वाणं आता तिकडं निघाली आहेत, पण आपल्या उन्हाला त्यांच्याकडंही उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र त्या शेतकऱ्यांकडून घ्यावी. ते ऑगस्टच्या सुमारास कुरण चरायचं बंद करतात आणि वाढलेलं गवत थंडीत जनावरांना देतात. म्हणजे आपलं गवत राखणंच, फक्त तारीख ठरवून केलेलं.

आपल्यासाठी गवत कुठलं? मारवेल. बहुवर्षायू, पाऊस कमी झाला तरी तगणारं, म्हशी आवडीनं खातात. जून-जुलैत मुळांसकट ठोंब लावा: दोन ओळींत दीड फूट, दोन ठोंबांत एक फूट. या अंतरानं एकरी सुमारे २९ हजार ठोंब लागतात, म्हणून पहिल्या वर्षी चार-पाच गुंठेच करा आणि पुढची लावण घरच्या ठोंबांवर वाढवा. ओळींमध्ये स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी टाकलं तर वैरणीला प्रथिनांची जोड मिळते. पाणी साचणाऱ्या खाचरात लावू नका. पहिल्या वर्षी आत जनावर अजिबात सोडू नका, कोवळा ठोंब मुळासकट उपटून येतो. चारा संशोधनाच्या झाशीच्या राष्ट्रीय संस्थेचं दक्षिण विभागीय केंद्र धारवाडला आहे. वाणांची चौकशी तिथं किंवा जवळच्या रयत संपर्क केंद्रात करता येईल.

आता खरी गोष्ट, कापणीची. आपल्याकडं दिवाळीनंतर, सुगीतून हात मोकळा झाला की विळा माळाकडं वळतो. तोवर गवत पिवळं पडून बी गळलेलं असतं. त्यात काडीच उरते, सत्त्व नाही. कुसळीचं गवत असेल तर कुसळं तोंडात, डोळ्यांत रुततात. कापायचं ते फुलोरा निघताना. पण फुलोरा आणि परतीचा पाऊस एकाच वेळी गाठतात, हीच अडचण. म्हणून जुन्या लावणीची पहिली कापणी ऑगस्टच्या आरंभी करून ती हिरवीच खाऊ घाला आणि तिथून कुरण राखा. फुटवा दसरा-दिवाळीच्या सुमारास फुलोऱ्यावर येतो, तेव्हा आभाळ बरंचसं मोकळं झालेलं असतं. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस रेंगाळतो, तिथं आठ-पंधरा दिवस थांबावं लागेल.

तीन दिवस उघडीप दिसली की सकाळी दव उडाल्यावर कापा. बुडखा चार बोटं ठेवा, जमिनीलगत खरवडलं तर पुढचा फुटवा मार खातो. पहिल्या दिवशी पातळ पसरून दुपारी उलथा. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर लहान ढीग करा, म्हणजे आत वारा खेळतो आणि हिरवा रंग टिकतो. सगळे दिवस उन्हात करपवलेलं गवत पांढरं पडतं आणि पानं चुरून जमिनीवरच राहतात.

वाळलं की नाही ते असं बघा: मूठभर गवत पिळा, काडी कडकन मोडली पाहिजे. शंका असेल तर बारीक चिरलेलं गवत कोरड्या काचेच्या बरणीत चमचाभर सुक्या मिठासह दोन-तीन मिनिटं हलवा. मिठाच्या गुठळ्या झाल्या तर ओल अजून जास्त आहे. ती १५ टक्क्यांच्या आसपास आली पाहिजे.

हे मी पोटतिडकीनं सांगतो, कारण एका वर्षी आम्ही ढगांना घाबरून ओलसर गवत रचलं. आठवड्यानं व्हळीतून, म्हणजे रचलेल्या गंजीतून, वाफ यायला लागली. उघडली तर आत तपकिरी, आंबूस वास, बुरशी. त्या उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी लागली. आता रचल्यावर पंधरा दिवस मी पहार व्हळीत खुपसून, थोडा वेळ ठेवून बाहेर काढतो. हाताला चटका बसला की गवत लगेच मोकळं करतो. वेळ दवडली तर अशी व्हळी आपोआप पेटही घेते.

व्हळी चढावर, दगड-लाकडांच्या बैठकीवर रचा, माथा निमुळता ठेवून वर पिंजर घाला. गोठ्यापासून अंतर ठेवा आणि भोवतालचं सुकं गवत काढून जाळरेषा करा.

चराईसाठी कुरणाचे तीन-चार तुकडे पाडा. गवत गुडघ्याला आलं की जनावरं आत, वीतभर उरलं की पुढच्या तुकड्यात. पावसानं माती चिकट झाली असेल त्या दिवशी कापूनच घाला, खुरांनी ठोंब चिखलात जातात.

वैरण देताना चिरून द्या. भरपूर दुधाच्या म्हशीला वाळकं गवत एकटं पुरत नाही. हिरवा चारा आणि पेंड लागतेच. पण चांगलं सुकलेलं, हिरवट, सुवासिक गवत समोर टाकलं तर ती गव्हाणीत काडी शिल्लक ठेवत नाही.