डिस्चार्जनंतर जुन्या आणि नव्या गोळ्यांचा मेळ कसा घालावा

हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेला माणूस घरी येतो तेव्हा सोबत सात-आठ औषधांची नवी यादी असते. घरी फ्रिजवर जुना डबा तसाच असतो. त्यात बीपीची गोळी, शुगरची, पित्ताची, गुडघ्यांची. नव्या गोळ्या घरचे लोक घड्याळ लावून देतात. घोटाळा होतो तो जुन्यांचा. काय घ्यायचं ते कागदावर असतं, काय बंद करायचं ते बरेचदा नसतं. मग दोन्ही चालू राहतात, किंवा ‘आता नवीन दिल्यात ना’ म्हणून एखादी गरजेची जुनी गोळी सुटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा टाळण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली. तिच्या तीन मुख्य मुद्द्यांपैकी एक हाच होता: रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तेव्हाची औषधं. हॉस्पिटलातून घरी येणं हे त्यातलं सगळ्यात नेहमीचं स्थलांतर. म्हणून पहिल्या आठवड्यात बाकी काही जमो न जमो, जुना डबा आणि नवी यादी यांचा मेळ घालाच.

डिस्चार्जच्या दिवशी, वॉर्डमध्येच

विम्याची मंजुरी येईपर्यंत किंवा बिल तयार होईपर्यंत काही तास सहज जातात. तो वेळ कामाला लावा. घरून कोणाला तरी जुना डबा जसाच्या तसा आणायला सांगा, स्ट्रिपसकट. सुट्या गोळ्या ओळखता येत नाहीत. मग डॉक्टरांना किंवा सिस्टरांना एकेक स्ट्रिप दाखवून एवढंच विचारा: ही चालू, बंद, की डोस बदललाय? उत्तर त्यांच्याकडूनच डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतात आणि आपल्याला संकोच वाटतो, हे खरं. तरीही विचारा. घरी गेल्यावर हीच गोष्ट फोनवर विचारणं फार अवघड जातं.

शुगरच्या मेटफॉर्मिनचं उदाहरण घ्या. अँजिओग्राफीत रंगद्रव्य टोचतात, त्यामुळे काही रुग्णांची मेटफॉर्मिन थोडे दिवस थांबवतात, विशेषतः किडनी कमजोर असेल तर. घरी आल्यावर यादीत ती दिसत नाही. ती कायमची बंद झाली, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहून पुन्हा सुरू करायची, की लिहायची राहून गेली? घरी बसून याचा अंदाज बांधता येत नाही.

प्रत्येक नव्या औषधाबद्दल आणखी दोन गोष्टी विचारा: हे कशासाठी, आणि किती दिवस. पित्ताची पॅन्टोप्राझोल यादीत असतेच. काहींना ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत पोटाच्या संरक्षणासाठी लागते, काहींना थोड्याच दिवसांची असते. मुदत विचारली नाही तर ती वर्षानुवर्षं चालू राहते.

कागदावरच्या खुणाही तिथेच समजून घ्या. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. एसओएस लिहिलेली वेदनाशामक गोळी रोज तीनदा घेणारे बरेच जण असतात.

मेडिकलमध्ये

दुकानात वेगळ्या कंपनीची गोळी मिळाली तर लगेच घाबरू नका आणि लगेच घेऊही नका. स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाजवळ मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. ते दोन्ही कार्डाशी जुळायला हवेत. जनऔषधी केंद्रातून घेतानाही हीच पडताळणी करा. तिथे ब्रँडचं नाव नसतं, मूळ नावच असतं, म्हणून ते ओळखीचं असलं तर काम सोपं होतं. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक तीनशे ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. फोनने तो स्कॅन केला की मूळ नाव, बॅच आणि एक्सपायरी दिसते. बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर याचा खरा उपयोग होतो.

पहिल्या खेपेला पुढच्या तपासणीपर्यंत पुरतील एवढ्याच गोळ्या घ्या. त्या तपासणीत डोस बदलण्याची शक्यता बरीच असते.

घरी आल्यावर, त्याच संध्याकाळी

हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नका. जमिनीवर किंवा टेबलावर सगळं मांडा: नवीन पिशवी, जुना डबा, पर्समधल्या, उशाखालच्या, गाडीत ठेवलेल्या गोळ्या. प्रत्येक स्ट्रिपवरचं मूळ नाव मोठ्याने वाचा. एकच नाव दोन स्ट्रिपवर आलं, तर थांबा.

असं नेमकं कुठे होतं ते सांगतो. जुन्या डब्यात इकोस्प्रिन ७५, म्हणजे अ‍ॅस्पिरिन, आणि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. नव्या यादीत इकोस्प्रिन गोल्ड. या एकाच कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन तिन्ही असतात. जुन्या चालू ठेवल्या तर अ‍ॅस्पिरिन दुप्पट होते, रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि घरच्यांना वाटत राहतं की आपण सगळं नीट देतोय. शुगरच्या गोळ्यांतही असंच होतं. नुसती मेटफॉर्मिन घरी असते आणि नव्या गोळीत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड असते.

बंद सांगितलेल्या गोळ्या वेगळ्या पिशवीत भरा, तोंड चिकटपट्टीने बंद करा, वर ‘बंद’ असं ठळक लिहा आणि ती पिशवी रोजच्या डब्यापासून लांब ठेवा. पुढच्या तपासणीला ती सोबत न्या.

मग एका कोऱ्या कागदावर यादी लिहा. गोळीचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम, कशासाठी, सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी की नंतर, कधीपर्यंत. खाली एक ओळ: कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे. तारीख टाका. हा एकच कागद खरा मानायचा. डोस बदलला की खाडाखोड न करता नवा कागद लिहायचा आणि जुना फाडायचा. फोटो घरच्या ग्रुपवर टाका. आई-बाबा गावी आणि मुलं पुण्यात किंवा परदेशात असतील, तर फोनवर ‘ती पांढरी गोळी घेतली का’ असं विचारण्यापेक्षा दोघांसमोर एकच कागद असलेला बरा.

जबाबदारी एकाकडेच द्या. सून सकाळची देते, मुलगा रात्रीची, अशा वाटणीत डोस दोनदा दिला जातो किंवा राहतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी स्ट्रिपवर मार्करने सूर्य, चंद्र काढा. आठवड्याच्या कप्प्यांचा डबा चांगलाच, पण तो यादी समोर ठेवून भरा.

काही गोळ्यांकडे जास्त लक्ष द्या

स्टेंट, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवल्यावर अ‍ॅस्पिरिनसोबत दुसरी रक्त पातळ करणारी गोळी देतात, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. हार्ट अटॅकनंतर हा जोड बहुधा वर्षभर चालतो. यातली एकही गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका. दात काढायचा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, कोणी म्हणालं ‘दोन दिवस बंद ठेवा’, तरी आधी त्यांना फोन करा. गोळी अचानक थांबली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असते आणि तिचा रात्रीचा डोस हमखास विसरला जातो. त्यासाठी मोबाइलवर गजर लावा.

छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट बसूनच घ्या, उभ्याने घेतली तर बीपी उतरून चक्कर येते. पाच मिनिटांत छातीतलं दुखणं कमी झालं नाही तर १०८ ला फोन करा, वाट पाहू नका.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेली गोळी स्वतःहून आणू नका. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हृदयरोग, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि किडनी, तिन्हींशी या गोळ्यांचं वाकडं आहे. काय चालेल ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. काढे आणि चूर्णंही सांगा. जेष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम घटतं.

इन्सुलिन नव्याने सुरू झालं असेल तर सिरिंज तपासा. आपल्याकडे बाटली बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची १०० युनिटची. दोन्हींची अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. कागदावर वार लिहा. आणि नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल असेल, म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी असेल, तर ती चुरडू नका.

चुकलेला डोस, उपवास, जुलाब

थोड्या वेळात आठवलं तर गोळी घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडा. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही.

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार आधीच कॅलेंडरवर पाहून ठेवा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर शुगर एकदम उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की शुगर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायला काही नसेल, तर पाण्यात तीन चमचे साखर घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला बोलवा. उपवास करायचाच असेल तर डोसचं आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि पहिल्या काही आठवड्यांत तो टाळला तर देव रागावणार नाही.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या, खाणं-पिणं बंद झालं, तर बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि शुगरच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या का हे त्याच दिवशी फोन करून विचारा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना याच गोळ्या किडनीला बाधू शकतात.

पुढच्या तपासणीला

काळी शौच, हिरड्यांतून रक्त, अंगावर न लागता पडलेले निळे डाग, श्वास लागणं, हे दिसलं तर तारखेची वाट न पाहता आधीच जा. औषधाचा त्रास झाला असं वाटलं तर तो १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर नोंदवता येतो, रुग्णालाही.

एरवी तपासणीला जाताना चार गोष्टी न्या: डिस्चार्ज कार्ड, तो एक कागद, चालू गोळ्यांचा डबा आणि ‘बंद’ची पिशवी. तिथून निघाल्यावर त्याच दिवशी फॅमिली डॉक्टरांकडे कागदाची एक प्रत द्या, कारण सर्दी-तापाचं औषध तेच लिहिणार आहेत.