सार्वजनिक इतिहासात येताय? आधी आठवणींशी वागायला शिका

इतिहासात एमए केलं, पण प्राध्यापकी करायची नाही, मग पुढे काय, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. संग्रहालयं, स्मारकं, वस्त्यांचा इतिहास नोंदवणारे प्रकल्प, या सगळ्यांना इतिहासकार लागतो. वर्गाबाहेर, लोकांसाठी केलेल्या या कामालाच सार्वजनिक इतिहास किंवा ‘पब्लिक हिस्टरी’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत १९७६ साली ‘पब्लिक हिस्टरी’चा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, त्यामागेही विद्यापीठांतल्या आटत चाललेल्या नोकऱ्या हे एक मोठं कारण होतंच.

कागदपत्रं वाचायला तुम्ही वर्गात शिकलेले असता. आठवणींशी कसं वागायचं, ते मात्र इथे आल्यावरच कळतं. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात मार्च १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्ध निदर्शनं झाली आणि त्यात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे लोकांच्या तोंडून इतिहास नोंदवणारे इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तिथे मुलाखती घेतल्या, तर कित्येकांनी हा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाल्याचं सांगितलं. साल चुकलंच होतं. पण १९४९ मध्ये सोबत्याच्या मृत्यूला कामगारांना काहीच उत्तर देता आलं नव्हतं आणि १९५३ मध्ये ते रस्त्यावर लढले होते. ती सल पोर्तेल्लींना त्या चुकीतच सापडली. माझ्या मते या क्षेत्रात येणाऱ्याने सगळ्यात आधी हेच उदाहरण वाचावं.

म्हणून मुलाखतीत मधेच कुणाला दुरुस्त करू नका. तारीख दाखवली की माणूस मिटतो. कागद आणि आठवण दोन्ही जपा, आणि फरक का पडला ते नंतर शोधा.

जमेल तेव्हा मुलाखत खोलीत न घेता त्या जागेवर चालत घ्या. खुर्चीत बसून ‘आम्ही तिथे राहायचो’ एवढंच सांगणारा माणूस बुजवलेल्या दारापाशी थबकतो, भिंतीवर हात ठेवतो आणि त्या दारातून कोण यायचं, कुणाला मज्जाव होता, हे आपसूक सांगू लागतो. फक्त एक सांभाळा: ध्वनिमुद्रणात नुसतं ‘इथे’ आणि ‘तिकडे’ ऐकू येतं. सोबत जुन्या नकाशाची प्रत ठेवून प्रत्येक थांब्यावर खूण करा, नाहीतर शब्दांकन करताना काहीच उमगत नाही.

मुलाखत देणाऱ्यांना संमतीपत्र आधी वाचून दाखवा. मजकूर फलकावर चढण्यापूर्वी पुन्हा त्यांच्याकडे जा. खासगीत सांगितलेलं चौकात लागलेलं प्रत्येकाला चालेलच असं नाही.