बास कॅबिनेटचा स्पीकर बदलताय? या चुका टाळा

नवरात्रीची चौथी रात्र, कळव्याचं मैदान, गरबा ऐन रंगात आलेला. आणि आमच्या बास गिटारच्या कॅबिनेटमधून (स्पीकर बसवलेल्या खोक्यातून) प्रत्येक खालच्या सुराबरोबर ‘टक, टक’ ऐकू यायला लागलं. दीड महिन्यापूर्वी, गणपतीच्या तोंडावर, त्यातला एक स्पीकर बदलला होता, म्हणून सगळ्यांनी नव्या स्पीकरलाच दोष दिला. दुसऱ्या दिवशी वागळे इस्टेटमधल्या प्रॅक्टिसच्या खोलीत कॅबिनेट उघडलं, तर नवा ठणठणीत. गेला होता त्याच्या खालचा जुना, आणि तो गेला आमच्याच हातून. कसा, ते पुढे येईलच. त्यानंतर ओळखीच्या बँडवाल्यांची, ऑर्केस्ट्रावाल्यांची बरीच कॅबिनेटं उघडली. चुका त्याच त्याच दिसतात.

न तपासता ‘स्पीकर उडाला’ म्हणणं

खरखर आली म्हणजे कोन (स्पीकरचा पुढचा, हलणारा कागदी भाग) फाटलाच असं नाही. टेम्पोतून हिंदकळत आलेल्या कॅबिनेटची जाळी सैल होते, हँडलचा स्क्रू ढिला होतो, जॅकची पट्टी थरथरते. मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, मोबाइल अँपला (ॲम्प्लिफायरला) जोडा, आवाज कमी ठेवून ४० हर्ट्झपासून २०० पर्यंत हळूहळू सूर चढवा आणि एकेका भागावर हात दाबून बघा. हात ठेवताच खरखर थांबली तर दोष तिथेच आहे. केबलही बदलून बघा. अँपपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल लावणारे अजून भेटतात. तिच्यातली तार फार बारीक असते, ती तापते आणि ताकद वाटेतच जिरते.

मग मल्टिमीटर. आधी त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवा, जो आकडा येईल तो पुढच्या मापातून वजा करा. ८ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ५.५ ते ६.५ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.५. ‘आठाचा आहे आणि सहाच दाखवतो’ म्हणून चांगला स्पीकर भंगारात गेलेला मी पाहिलाय. छापलेला आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे वाजताना प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा असतो; मीटर फक्त कॉइलच्या (कोनाला जोडलेल्या तारेच्या गुंडाळीच्या) तारेचा रोध मोजतं.

फोर बाय टेनमध्ये, म्हणजे दहा इंची चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये, आणखी एक फसगत होते. आठ-आठ ओहमचे चार स्पीकर असतील तर दोन-दोन स्पीकर सिरीजमध्ये असतात आणि त्या दोन जोड्या पॅरललमध्ये, म्हणून एकूण पुन्हा ८. एकाची कॉइल तुटली की त्याच्या जोडीदाराचाही प्रवाह थांबतो. दोन स्पीकर गप्प झालेले दिसतात आणि माणूस दोन विकत आणतो. जॅकवर सहाऐवजी बारा ओहम दिसले तर हेच झालंय. दोघांच्या तारा सोडवून वेगवेगळे मोजा, मेलेला बहुतेक एकच निघेल.

मेलेल्या स्पीकरकडे न बघता नवा आणणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. स्पीकर कशाने गेला हे त्याच्या अंगावर दिसतं. ते पाहिलं नाही तर नवाही त्याच वाटेने जातो.

मीटर काहीच दाखवत नाही, डस्ट कॅप (कोनाच्या मधली टोपी) कापून बघितली तर कॉइल काळी पडलीय, जळका वास येतोय. हा उष्णतेने गेला. अँप स्पीकरला झेपत नव्हतं, किंवा छोटं अँप पार पिळून क्लिप होईपर्यंत, म्हणजे आवाज फाटेपर्यंत, वाजवलं जात होतं. इथे नव्या स्पीकरबरोबर आवाज उतरवायला हवा, नाहीतर अँपला चालत असेल तर दुसरं कॅबिनेट जोडायला हवं.

मीटरचा आकडा बरोबर आहे, कॉइलही स्वच्छ आहे, पण कोनाची कड फाटलीय, स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी घडीदार चकती) सुटलाय किंवा कॉइलची खालची कड चेपलीय. हा प्रमाणाबाहेर हलून गेला. स्पीकरवर छापलेले वॅट असतात ते कॉइल किती उष्णता सोसेल त्याचे. खालच्या सुरांत कोन मर्यादेपलीकडे फेकला जायला त्याहून कितीतरी कमी वॅट पुरतात. चार तारांच्या बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बासची ३१ हर्ट्झची. पोर्टवालं (हवेसाठी भोक ठेवलेलं) कॅबिनेट एका ठरावीक सुराला ट्यून केलेलं असतं. त्या सुराच्या आसपास आतली हवा कोनाला धरून ठेवते, त्याच्या खाली गेलात की सोडून देते. अशा कॅबिनेटवर पाच तारांचा बास, मध्ये ऑक्टेव्ह पेडल (सूर एक सप्तक खाली नेणारं) आणि ‘लो’ची नॉब शेवटपर्यंत चढवलेली असेल, तर कोन मोकाट सुटतो. इथे जास्त वॅटचा स्पीकर आणून निभावत नाही. हाय-पास फिल्टर (फार खालचे सूर कापणारा) लावा आणि लो उतरवा.

तिसरा प्रकार हाताला कळतो. स्पीकर उताणा ठेवा, दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर टेकवून हलकेच, सारखा दाबा. खर्र असं घासलं तर कॉइल मध्यावरून सरकलीय, किंवा तिच्या भोवतीच्या फटीत काहीतरी आहे. कॅबिनेट पडून फ्रेम वाकली असेल, मॅग्नेट सरकला असेल, नाहीतर गंज. आपल्याकडच्या खाडीकाठच्या दमट हवेत दोन पावसाळे बंद खोलीत पडलेल्या कॅबिनेटमध्ये हा लालसर भुगा हमखास सापडतो. असं कॅबिनेट भिंतीला आणि फरशीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी पट्ट्या द्या.

इंच आणि ओहम जुळले की झालं, असं समजणं

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात की दहा इंची, आठ ओहमचे स्पीकर मांडलेले दिसतील. त्यातले बरेचसे तुमच्या कॅबिनेटसाठी नाहीत. गिटारच्या स्पीकरचा अनुनाद (ज्या सुराला कोन आपसूक सहज हलतो तो) सहसा ७५ हर्ट्झच्या आसपास किंवा वर असतो आणि त्याचा कोन फार थोडा हलायला बनवलेला असतो. बासखाली तो टिकत नाही. गाडीचा सबवूफर खाली जातो खरा, पण त्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीत निघणारा आवाज) बासच्या स्पीकरपेक्षा बरेचदा १० डेसिबलने कमी असते, आणि १० डेसिबल भरून काढायला दहापट ताकद लागते. बाकीचे तीन वाजत राहतील, हा मागे पडेल.

बघायचे आकडे म्हणजे एफएस (अनुनादाचा सूर), क्यूटीएस (तो अनुनाद किती आवरलेला आहे), व्हीएएस (कोनाच्या लवचीकपणाशी जुळणारी हवा) आणि एक्समॅक्स. पहिले तीन नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोघांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅरामीटर्सपैकी; स्पीकर केवढ्या खोक्यात, कोणत्या ट्यूनिंगला नीट वाजेल ते त्यांवरून काढता येतं. एक्समॅक्स म्हणजे कोन आवाज न बिघडवता किती हलू शकतो ते. तेच मॉडेल मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. मिळत नसेल तर चौघांत एक परका घालण्यापेक्षा जुना रिकोन करावा, म्हणजे त्याच फ्रेमवर नवा कोन आणि कॉइल बसवून घ्यावी, असं माझं मत.

ओहमचीही गंमत बघा. अँपेगच्या एसव्हीटी अँपबरोबर १९६९ साली आलेल्या एट बाय टेन कॅबिनेटमध्ये आठही स्पीकर ३२ ओहमचे आणि सगळे पॅरललमध्ये, म्हणून एकूण ४ ओहम. त्यात कुणी ८ ओहमचा एक बसवला तर एकूण आकडा ३ च्या खाली येतो आणि तो एकटाच एक तृतीयांशाहून जास्त ताकद ओढतो. तो तर जळेलच, पण ज्या अँपला किमान ४ ओहम लागतात तेही धोक्यात. तेव्हा ओहम वाचायचा तो जुन्या स्पीकरच्या पाठीवरचा. कॅबिनेटच्या पाटीवरचा आकडा सगळ्यांचा मिळून असतो.

रिकोनवाल्याला घाई करणं

जुना कोन आणि कॉइल फेकून मोकळी फ्रेम घेऊन जाऊ नका. कॉइलचा व्यास, तारेचे थर, गुंडाळीची उंची, कोनाचं वजन हे सगळं कारागिराला जुन्यावरूनच कळतं. कोन जड पडला तर स्पीकरचा अनुनाद खाली सरकतो आणि कॅबिनेटशी त्याचं जमत नाही. कॉइल बसवताना गॅपमध्ये (मॅग्नेटच्या फटीत) पातळ फिल्मच्या पट्ट्या घालून ती मध्यावर धरतात, गोंद पुरता वाळल्यावर पट्ट्या काढतात आणि डस्ट कॅप सगळ्यात शेवटी लावतात. ‘संध्याकाळी शो आहे, दुपारपर्यंत द्या’ म्हटलं की यातला वाळण्याचा वेळ कापला जातो. पावसाळ्यात तर एक दिवस वाढवूनच द्या.

कोनाच्या मधल्या भागात बोटाच्या पेराएवढी चीर असेल तर रिकोनची गरज नाही. टिश्यू पेपरचा तुकडा, थोडं पाणी घातलेलं फेविकॉल, दोन्ही बाजूंनी. झटपट चिकटणारा गोंद नको. तो कडक होतो आणि कागद त्याच्या शेजारी पुन्हा फाटतो.

मॅग्नेटजवळ बेसावध स्क्रू ड्रायव्हर

शेवटचा स्क्रू आवळत होतो. स्क्रू ड्रायव्हर खाचेतून निसटला, मॅग्नेटने तो असा ओढला की हातातून वळून टोक थेट कोनात. कोरा स्पीकर, करंगळी जाईल एवढं भोक. तेव्हापासून कोनावर पुठ्ठ्याची चकती ठेवल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एकच बाजू पिळली तर फ्रेम वाकते. कॅबिनेटमधलं भोक मोठं करायचं असेल तर स्पीकर दुसऱ्या खोलीत ठेवा. लोखंडाचा कीस गॅपमध्ये गेला की काढणं जिकिरीचं.

दोन तारा

आता ती नवरात्र. नव्या स्पीकरचे टॅग (तारा जोडायच्या पट्ट्या) जुन्याच्या उलट बाजूला होते. आम्ही लाल खूण न बघता ‘डावी तार डावीकडे’ जोडली. तीन स्पीकर पुढे ढकलत होते तेव्हा नवा मागे खेचत होता. खालच्या सुरांत हिशेब तीन वजा एक, उरले दोन. आवाज ६ डेसिबलने घटला, आणि तो परत मिळवायला चौपट ताकद हवी. आम्हाला एवढंच ऐकू आलं की बास पातळ झालाय. लो चढवला, मग आणखी चढवला. त्यात एक कोन उलटा हलत असल्यामुळे आतल्या हवेचा दाबही बाकीच्यांना नीट सावरत नव्हता. चौथ्या रात्री त्यातल्या एकाची कॉइल मागच्या लोखंडी प्लेटवर आपटायला लागली. ती बाहेर काढली तेव्हा खालची कड एका बाजूने नखाएवढी चेपलेली होती.

तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. अँप बंद, केबल काढलेली, जाळी उतरवलेली. सेलचं अधिक टोक जॅकच्या टोकाला, उणे बाहेरच्या भागाला, क्षणभरच टेकवा. सगळे कोन एकाच दिशेला उडी मारायला हवेत. एखादा उलट गेला तर त्याच्या तारा बदला. ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) यात धरू नका, त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो.

मग कडेने हात फिरवून कुठे हवा फुसफुसतेय का बघा, आणि दोन-तीन कार्यक्रमांनंतर स्क्रू पुन्हा एकदा तपासा. गॅस्केट (स्पीकरच्या कडेखालची मऊ पट्टी) दबतं तसे ते सैल होतात. आमच्या कॅबिनेटच्या मागच्या फळीवर आतून मी मार्करने चारही स्पीकरचे ओहम, बसवल्याची तारीख आणि लाल तार कुठल्या टॅगला, एवढं लिहून ठेवलंय.