यंत्रमाग कारखान्यासाठी कामगार नुकसानभरपाई विमा कसा घ्यावा

साध्या यंत्रमागावर धोटा, म्हणजे आडवे सूत नेणारी टोकदार लाकडी नळी, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत धावतो. एखाद्या वेळी तो पेटीत न शिरता बाहेर उडाला, तर त्याचे टोकदार लोखंडी तोंड शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या कामगाराच्या डोळ्याला लागू शकते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव किंवा सोलापूरच्या कोणत्याही मागवाल्याला हा धोका समजावून सांगावा लागत नाही. मात्र अशा अपघाताची भरपाई कोणी, किती आणि कशी द्यायची, याचा विचार बहुतेक ठिकाणी अपघात झाल्यावरच सुरू होतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

विमा घेण्यापूर्वी आपल्या कामगारांपैकी कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआय या सरकारी योजनेत, कोण येतात हे पाहावे. दहा किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील, तर मासिक 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना ही योजना लागू होते. तिच्यासाठी वेतनाच्या 3.25 टक्के मालकाने आणि 0.75 टक्के कामगाराने भरायचे असतात. या कामगारांना अपघाताचे लाभ ईएसआयकडून मिळतात आणि त्याच दुखापतीसाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी पुन्हा खाजगी पॉलिसी घेणे म्हणजे हप्ता वाया घालवणे होय. उरतात ते 21,000 रुपयांवर वेतन घेणारे जॉबर (माग दुरुस्त करणारे), फिटर, मास्टर आणि दहापेक्षा कमी माणसांच्या शेडमधील सर्व कामगार. पॉलिसी यांच्यासाठी घ्यायची असते. ईएसआय टाळण्यासाठी एकाच शेडचे कागदोपत्री दोन-तीन भाग करण्याचा मार्ग कोणीही स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तपासणीत हे भाग एकत्र धरले गेले की मागची थकबाकी व्याजासह भरावी लागते.

अपघाताची भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने ठरवलेली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये समाविष्ट झाला आहे, म्हणून पॉलिसीच्या मजकुरात या संहितेचा उल्लेख आहे ना, हे विमा कंपनीला विचारून घ्यावे. घरून कामावर येताना किंवा परत जाताना झालेला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, आता भरपाईस पात्र ठरतो. रात्रपाळी संपवून पहाटे सायकलवरून घरी जाणाऱ्या कामगारासाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

हप्ता कामगारांच्या वार्षिक वेतनाच्या अंदाजावर ठरतो, आणि खरी चूक येथेच होते. मजुरी मीटरवर असल्याने आकडा दर महिन्याला बदलतो. अशा वेळी मागील बारा महिन्यांची प्रत्यक्ष मजुरी बेरजेला घेऊन मासिक सरासरी काढावी. हप्ता वाचवण्यासाठी वेतन कमी दाखवले किंवा कांडीवाला (कांड्यांवर सूत भरणारा), वहिफणी कामगार (ताण्याचे सूत वही-फणीतून ओवणारा), हमाल यांची नावे गाळली, तर दाव्याच्या वेळी कंपनी जाहीर केलेल्या आकड्यापुरतेच पैसे देते आणि उरलेली रक्कम मालकाच्या खिशातून जाते.

ती रक्कम किती असू शकते, हे एका उदाहरणाने पाहू. आठ माणसांच्या शेडमध्ये 30 वर्षांचा कामगार महिन्याला 18,000 रुपये मिळवतो. भरपाईच्या हिशेबात वेतन 15,000 रुपयांपर्यंतच धरले जाते आणि वयानुसार कायद्याने ठरवलेला गुणक या वयासाठी 207.98 आहे. मृत्यू झाल्यास वेतनाच्या 50 टक्क्यांना, म्हणजे 7,500 ला गुणकाने गुणून 15,59,850 रुपये होतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के धरून 18,71,820 रुपये होतात. उडालेल्या धोट्याने एका डोळ्याची दृष्टी गेली, तर कायद्याच्या परिशिष्टानुसार कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी घटल्याचे मानले जाते आणि भरपाई 5,61,546 रुपये होते. एवढ्या छोट्या शेडच्या मालकाला एवढी रक्कम एकरकमी उभी करणे जवळपास अशक्य असते.

पॉलिसीवर सही करण्यापूर्वी तिच्यातील अपवाद शांतपणे वाचावेत. ठेकेदाराने आणलेल्या माणसांची जबाबदारीही मूळ मालकावर येते, म्हणून त्यांचा समावेश लेखी करून घ्यावा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणे बंधनकारक आहे, पण पॉलिसीत त्याला अनेकदा मर्यादा असते किंवा जादा हप्ता लागतो. व्यवसायजन्य आजारांचे संरक्षणही मागून घ्यावे, कारण कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुफ्फुसांचा आजार कायद्याच्या यादीत आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर येताच छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची सुरुवातीची खूण असते. भरपाईला उशीर झाल्यास लागणारे 12 टक्के व्याज पॉलिसीत धरले आहे का, हेही पाहावे. उशिरासाठी होणारा दंड, जो भरपाईच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो, तो मात्र मालकालाच भरावा लागतो.

अपघात झाल्यावर प्रथम उपचार, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी सूचना द्यावी. मृत्यू किंवा गंभीर दुखापत असेल तर सात दिवसांच्या आत सक्षम अधिकाऱ्याकडे, म्हणजे भरपाईचे दावे पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अहवाल पाठवावा. हजेरीपट, मजुरीची वही, दवाखान्याची कागदपत्रे आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचे जबाब दिवाणजीकडून लगेच एकत्र करून घ्यावेत. कामगाराने सुरक्षेचे कव्हर मुद्दाम काढले होते, हा बचाव मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाही, तेव्हा त्यावर विसंबून राहू नये. कुटुंबाशी आपसात ठरवून रोख रक्कम देण्याची आपल्याकडे रीत आहे आणि तीत अनेकदा माणुसकीही असते. परंतु मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ मदत सोडली, तर थेट दिलेली रक्कम कायद्याने भरपाईत धरली जात नाही.