उरलेल्या लोकरीचं क्रोशाचं आसन: आधी मोजा, मग सुई हातात घ्या

उरलेल्या गुंड्यांची पिशवी उपडी केली की आधी तीन ढीग करायचे: सुती, ॲक्रिलिक आणि खरी लोकर. रंग नंतर. सुती दोरा पहिल्या धुण्यात आटतो, ॲक्रिलिक आटत नाही, आणि खरी लोकर गरम पाण्यात घट्ट होऊन बसते. तिन्ही एकाच आसनात विणली तर दिसायला छान दिसतं, पण एकदा धुतल्यावर सुती भाग आत ओढला जातो, बाकीचा फुगतो आणि आसन पाटावर सपाट बसत नाही. मग ते उसवण्याशिवाय इलाज नसतो.

गुंड्याचं लेबल हरवलं असेल तर चार बोटं दोरा कापा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर पेटवा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ करडी राख राहते. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत दूर केली की ती बहुधा आपोआप विझते आणि उरलेली गुठळी बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. तोच मणी लक्षात ठेवायचा: गरम भांड्याखाली किंवा समई-निरांजनाखाली ॲक्रिलिकचं काहीही घालू नये, ते वितळून भांड्याला चिकटतं. तिथे सुतीच, आणि तेही दुहेरी विणलेलं.

आता जाडी. दोन वेगवेगळ्या दोऱ्यांचे तुकडे एकमेकांत फासासारखे अडकवा, दोन्ही बाजूंना पीळ द्या आणि बोटं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. सांध्यावर उंचवटा लागला नाही तर जाडी जमली. बारीक दोरा असेल तर त्याचे दोन पदर एकत्र धरून हीच परीक्षा पुन्हा घ्या. चवथीच्या आधी बाजारात जाऊन नवा गुंडा आणण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

लाल, गडद निळा आणि काळा दोरा विणण्याआधी रंग सोडतो का ते पाहणं गरजेचं. साबणाच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबा. फडक्यावर डाग आला तर तो रंग पांढऱ्या-क्रीमशेजारी नको.

उरलेल्या दोऱ्यासाठी सगळ्यात सोयीचा नमुना म्हणजे ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून बाहेर फेरीफेरीने वाढत जाणारा चौकोन, कारण त्याचं गणित सरळ आहे. पहिल्या फेरीत तीन खांबांचे (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका) ४ गट, दुसरीत ८, तिसरीत १२, चौथीत १६. म्हणजे पहिल्या फेरीला जेवढा दोरा लागतो, जवळपास त्याच्या दुप्पट दुसरीला, तिप्पट तिसरीला आणि चौपट चौथीला. चार फेऱ्यांच्या चौकोनात ४० टक्के दोरा एकट्या शेवटच्या फेरीत जातो. उरलेल्या लोकरीचं काम अर्ध्यावर अडतं ते इथेच: आवडता रंग पहिल्या चार चौकोनांच्या कडेला संपवून टाकायचा आणि मग हात चोळत बसायचं. छोटे तुकडे मधोमध वापरा, मोठे गुंडे कडेला.

आपल्या हाताचं माप काढायला पहिली फेरी विणा, उसवा आणि दोरा टेपने मोजा. प्रत्येकाचा हात सैल-घट्ट असतो, त्यामुळे दुसऱ्याचं माप चालत नाही. समजा १२० सेंटीमीटर भरला. दोन्ही टोकांना १५-१५ सेंटीमीटर सोडायचे धरून फेऱ्यांना अनुक्रमे १५०, २७०, ३९० आणि ५१० सेंटीमीटर लागतील. गुंड्याच्या लेबलवर ५० ग्रॅमला १२० मीटर असं लिहिलेलं असेल तर एका ग्रॅमला २.४ मीटर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ७ ग्रॅम भरले म्हणजे साधारण १७ मीटर. तेवढ्यात शेवटच्या फेऱ्या तीनच होतात, मधोमधच्या पहिल्या फेऱ्या मात्र अकरा होतात.

डीके (मध्यम) जाडीचा दोरा आणि ४ मिलिमीटरची सुई घेतली तर चार फेऱ्यांचा चौकोन साधारण १० सेंटीमीटरचा होतो. ४० बाय ४० सेंटीमीटरच्या आसनाला १६ चौकोन पुरतात. वरच्या मापाने सगळं मिळून सुमारे २५० मीटर दोरा लागेल. त्यातला १२० मीटर एकाच रंगाचा आधी बाजूला काढून ठेवा: सगळ्या चौकोनांची शेवटची फेरी, जोडणी आणि बाहेरची किनार त्यातूनच करायची. एका रंगाची चौकट असली की आत कितीही रंग असले तरी आसन एकसंध दिसतं. चौकोन मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. गडद चौकोन एका बाजूला गोळा झाले असतील तर लगेच कळतं.

विणायला ४ साखळ्या घालून स्लिप स्टिचने (पहिल्या साखळीत सुई घालून दोरा सगळ्यातून एकदम ओढून) कडी करा. ३ साखळ्या (हा पहिला खांब), २ खांब, २ साखळ्या. मग ३ खांब आणि २ साखळ्या असं तीनदा, आणि स्लिप स्टिच. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्याच्या मोकळ्या जागेत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. बाजूच्या प्रत्येक जागेत ३ खांब, मध्ये साखळी नको. नवा रंग दर वेळी वेगळ्या कोपऱ्यातून सुरू करा आणि प्रत्येक फेरीला काम उलटवा. सगळ्या फेऱ्या एकाच बाजूने विणल्या तर चौकोन हळूहळू एका अंगाला पीळ खातो. चौकोन वाटीसारखा खोलगट झाला तर हात घट्ट आहे, सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या. कडा लाटेसारख्या उठल्या तर हात सैल आहे किंवा कुठेतरी एक गट जास्त पडला आहे, गट मोजा.

चार रंगांच्या एका चौकोनाला ८ टोकं, म्हणजे १६ चौकोनांना १२८. ती शेवटी लपवू म्हणून ठेवलीत तर काम कपाटातच राहतं. प्रत्येक चौकोन झाला की लगेच बोथट सुईत टोक ओवा, खांबांच्या बुडातून एका दिशेने ३ सेंटीमीटर न्या, एक पदर सोडून उलट परत आणा आणि पुन्हा एकदा पुढे. एकाच दिशेने ओवलेलं टोक दोन-तीन धुण्यांत बाहेर येतं. गाठ मारून कापू नका. सुती दोऱ्याची गाठ सुटते आणि मधली कडी उघडते. दोरा मध्येच संपला तर थुंकी किंवा पाणी लावून चोळून जोडायची युक्ती फक्त खऱ्या लोकरीला लागू पडते, सुतीला आणि ॲक्रिलिकला नाही.

जोडण्याआधी सगळे चौकोन एका मापाचे करा. पुठ्ठ्यावर १० सेंटीमीटरचा चौकोन आखून कोपरे टाचण्यांनी पक्के करा. सुती असेल तर पाणी शिंपडून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. ॲक्रिलिकला इस्त्री टेकवायची नाही, वर धरून नुसती वाफ द्यायची. टेकली की टाके लुळे पडतात आणि ते पुन्हा उभे राहत नाहीत. मग दोन-दोन चौकोन पाठीला पाठ लावून मुक्या खांबांनी, म्हणजे खांबापेक्षा आखूड टाक्यांनी, जोडा. आधी सगळ्या आडव्या शिवणी, मग उभ्या.

पावसाळ्यात आपल्याकडे उरलेल्या दोऱ्यालाही बुरशी धरते. जूनच्या आधी गुंडे सावलीत, वारा लागेल असे दोन दिवस पसरा आणि कोरडे झाल्यावरच घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह भरा. पत्र्याचा डबा समुद्राकाठच्या घरात गंजतो आणि तो गंजाचा डाग सुती दोऱ्यावरून सहसा जात नाही. दीड मीटरपेक्षा छोटे तुकडे वेगळ्या पिशवीत साठवा: खेळण्यांच्या पोटात भरायला उपयोगी पडतात. सुती तुकडे ओलसर असताना मात्र भरू नका, आतून कुबट वास येतो.