घोड्यांना आणि पाळीव प्राण्यांना नवे घर शोधून देणाऱ्या संस्थेत काम सुरू करताना

घोडे, कुत्री आणि मांजरे यांना आसरा देऊन त्यांच्यासाठी नवे घर शोधणाऱ्या संस्थेत येणारे बहुतेक जण कुत्र्यांच्या वाटेने येतात. घरात कुत्रा असतो, गल्लीतल्या पिल्लांची देखभाल केलेली असते, लसीकरणाचे वेळापत्रक पाठ असते. मीही त्याच वाटेने आले. म्हणून नव्या माणसाला पहिली गोष्ट सांगते ती हीच, की कुत्र्यांच्या अनुभवावर घोडा सांभाळता येत नाही. वाचताना हे उघड वाटते, पण तबेल्यात उभे राहिल्यावर हात जुन्या सवयीनेच चालतात, आणि घोड्याच्या बाबतीत त्या सवयी जिवावर बेततात.

सर्वांत मोठा धोका खाण्याचा आहे. कुत्र्याला खाणे जास्त झाले तर तो ओकून मोकळा होतो. घोड्याला उलटी करताच येत नाही. लग्नसराई संपल्यावर मालकाने सोडून दिलेला, फासळ्या वर आलेला घोडा संस्थेच्या दारात येतो, तेव्हा प्रत्येकाच्या मनात भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा आणि गुळाचा खडा येतो. त्या घोड्याला नेमके हेच देऊ नये. दीर्घ उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तग धरते. अचानक धान्य आणि गूळ पोटात गेला की इन्सुलिन वाढते, रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते, आणि हृदय, श्वसन व मूत्रपिंडे यांचे काम कोलमडू शकते. हे लगेच दिसत नाही, हीच यातली फसगत आहे. पहिल्या दिवशी घोडा आवडीने खातो, कान टवकारतो, सगळ्यांना हायसे वाटते. आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास तो आडवा होतो. एका घोडीच्या बाबतीत हे मी फार जवळून पाहिले आहे, आणि अजूनही पहाटेच्या चाऱ्याच्या वेळी मला तिची आठवण येते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी उपाशी घोड्यांसाठी आखून दिलेली पद्धत प्रत्येक नवख्याने पाठ करावी. पहिले 3 दिवस वाळवलेला लसूणघास (म्हणजे अल्फाल्फा हा चारा), दर 4 तासांनी साधारण अर्धा किलो, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला 3 किलोच्या आत. चौथ्या दिवसापासून प्रमाण हळूहळू वाढवत आणि वेळा कमी करत सहाव्या दिवसापर्यंत 3 वेळांत मिळून सुमारे 6 किलो, आणि 10 दिवसांनंतर खाईल तेवढा चारा. धान्याचा विचार घोडा चांगला सावरल्यानंतरच. आपल्याकडे लसूणघास बहुधा हिरवा मिळतो आणि त्यात पाण्याचाच भाग मोठा असतो, त्यामुळे वरचे माप हिरव्याला जसेच्या तसे लावू नये. ते पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे आणि चारा काट्यावर तोलूनच घालावा. घोडा आशेने तुमच्याकडे पाहत असताना अर्ध्या किलोवर थांबणे फार जड जाते. तरीही थांबावे.

आठवड्याभराच्या प्रमाणपत्रांवर माझा विश्वास नाही. त्या पैशांत घोड्यांची निगा राखणाऱ्या एखाद्या अनुभवी मोतद्दाराबरोबर पावसाळाभर काम करावे. पोटात कळ आलेला घोडा कसा वारंवार कुशीकडे वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लीद टाकायचे थांबतो, हे तो लांबूनच ओळखतो. माझा पहिला खरा गुरू नालबंद होता. खूर हातात घेऊन तो घोड्याचे मागचे कित्येक महिने सांगायचा. तबेल्यात न येता कार्यालयातून सल्ला देणाऱ्या वरिष्ठांचे ऐकून घ्यावे, मात्र घोड्याविषयीचा निर्णय रोज त्याच्याजवळ असणाऱ्यांना विचारून घ्यावा.

घोड्याची भीती वाटली तर लाज बाळगू नका. बहुतेकांना ती वाटते आणि कामाने ओसरते. रेबीजची प्रतिबंधक लस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतल्याशिवाय मात्र पहिल्या दिवशीही कामाला हात लावू नका. नवा घोडा इतरांपासून वेगळाच ठेवायचा असतो, कारण ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसालाही होतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून या रोगाचे निदान होते, आणि बाधित घोड्याला वाचवता येत नाही. कायद्याने त्याला दयामरण द्यावे लागते. तो दिवस तुमच्याही वाट्याला येऊ शकतो, हे मनाशी ठेवूनच या कामात या.

क्रूरतेच्या गुन्ह्यात जप्त झालेला प्राणी निकाल लागेपर्यंत मुद्देमाल असतो. जप्त प्राण्यांच्या सांभाळाबाबतच्या 2017 च्या नियमांनुसार संस्था त्याचा सांभाळ करते, पण न्यायालयाच्या आदेशाशिवाय तो कोणाला दत्तक देता येत नाही. उत्साहाने आलेल्या कुटुंबाला हे सांगताना जीव तुटतो, तरी आधीच सांगावे.

घोड्याला घर देण्याचा प्रश्न वेगळाच आहे. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरात फिरणाऱ्या व्हिक्टोरिया, म्हणजे हौशी फेरफटक्याच्या घोडागाड्या, बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या, तेव्हा त्या घोड्यांचे पुढे काय हा प्रश्न साऱ्या शहरापुढे उभा राहिला. घोडा 25 ते 30 वर्षे जगतो, दर 6 ते 8 आठवड्यांनी त्याचे खूर साळावे लागतात, आणि तो कळपाचा प्राणी असल्यामुळे एकटा ठेवला तर झुरतो. फार्महाऊसवर शोभेसाठी एकच घोडा मागणाऱ्याला मी नकार देते, त्याची जमीन कितीही असो. दुसरी भीती अशी, की दत्तक गेलेला घोडा पुढच्या लग्नसराईत वरातीत उभा दिसतो. ब्रिटनमधली, 1927 मध्ये एडा कोल यांनी सुरू केलेली वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर ही संस्था घोडा नव्या घरी देतानाही मालकी स्वतःकडेच ठेवते. आपल्या करारातही मालकी संस्थेची, भाड्याने देण्यास, विकण्यास व पैदाशीस मनाई, आणि न कळवता भेट देण्याचा हक्क या गोष्टी लेखी असाव्यात, आणि त्या भेटी खरोखर व्हाव्यात.

कुत्र्या-मांजरांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ती वाट तुम्हाला माहीत आहे. निर्बीजीकरणासाठी आणलेला रस्त्यावरचा कुत्रा 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे त्याच्याच भागात परत सोडायचा असतो. तो आवडला म्हणून ठेवून घेता येत नाही. मांजर द्यायच्या आधी खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसलेली स्वतः पाहावी. दिलेला कुत्रा परत आला तर खचू नका. नव्या घरात रुळायला त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि परत येताना तो कोणत्या घरात जमणार नाही हे कळलेले असते. त्या कुटुंबाला दोष न देता सगळे विचारून लिहून ठेवावे.

पगार कमी असतो आणि सुट्ट्या ठरलेल्या नसतात, म्हणून घरच्यांशी आधी स्पष्ट बोला. मुलाखतीला गेल्यावर वेगळे ठेवण्याची जागा, चाऱ्याचा काटा आणि दत्तक दिलेल्या घरांना दिलेल्या भेटींची नोंदवही दाखवायला सांगा. नोंदवही दाखवायला कोणी कां-कू केली, तर होकार देण्याआधी दुसरी संस्था पाहून या.