हर्मीसवर लिहिताय? या चुका टाळा

ग्रीक देवांवर मराठीत लिहिणारे वाढलेत, चांगलंच आहे, पण हर्मीसची पाळी आली की सगळे एकाच तक्त्यावरून उतरवून काढतात. पंखांचे बूट, हातात काठी, काम निरोप पोचवणं, रोमन नाव मर्क्युरी, झालं. दोन मिनिटांचा व्हिडिओ बघून लेख पाडायचा असेल तर दुसरं काय होणार म्हणा.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ट्रॉयच्या युद्धात देवांचे निरोप हर्मीस नेत होता असं ठोकून देणं. होमरच्या इलियड या ट्रॉयवरच्या महाकाव्यात देवांचा राजा आणि हर्मीसचा बाप झ्यूस याचे निरोप घेऊन पळते ती आयरिस देवी. हर्मीसची निरोप्याची ड्युटी खरी दिसते ती होमरच्याच ओडिसीत, कॅलिप्सो या अप्सरेला जाऊन 'अडकवून ठेवलेल्या ओडिसिअसला सोड' सांगतो तेव्हा. इलियडचं शेवटचं, २४वं पर्व उघडा, दोघांच्या कामातला फरक तिथेच कळतो. अकिलीसने मारलेल्या हेक्टरचं प्रेत सोडवून आण हा निरोप त्याच्या बापाला, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायमला आयरिस देते. मग झ्यूस हर्मीसला पाठवतो, कशाला, तर प्रायमला कोणाच्या नजरेस न पडता शत्रूच्या छावणीत नेऊन पोचवायला. हा नुकतीच दाढी फुटलेल्या पोराचं रूप घेतो, नदीवर खेचरांना पाणी पाजायला थांबलेल्या प्रायमला गाठतो आणि मी अकिलीसचाच माणूस आहे म्हणून थाप मारतो. प्रायम खूश होऊन त्याला एक पेला द्यायला जातो, तर साहेब म्हणतात, अकिलीसच्या पाठीमागे मी काही घेणार नाही! पुढे पहारेकऱ्यांना झोपवतो, दरवाजे उघडतो, रात्री परत येऊन म्हाताऱ्याला उठवून बाहेरही काढतो. थोडक्यात, जिथे जाता येत नाही तिथे नेणारा आणि परत आणणारा देव, म्हणून तर मेलेल्यांना पाताळात पोचवायचं कामही त्याच्याकडेच. मी हर्मीसवर दोन ओळी लिहायच्या असल्या तरी आधी हे पर्व चाळतो, अर्धा तास जातो फक्त.

'ग्रीकांचा नारद' लिहू नका. नारद स्वतःच्या मर्जीने तिन्ही लोकांत फिरतो, हा बापाच्या हुकुमाने.

आता काठी. हर्मीसच्या काठीला दोन साप, वर बहुतेकदा पंख. वैद्यकीचा देव अस्क्लेपिअस, त्याच्या काठीला एकच साप आणि पंख नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हात बघा, एकच साप आहे. घोळ वाढवला तो अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय विभागाने, १९०२ मध्ये त्यांनी दोन सापवाली काठी गणवेशावर घेतली आणि तिथून ती पसरत गेली. ओळखीतल्या एका डॉक्टरने क्लिनिक काढलं तेव्हा बोर्डाच्या डिझाइनवर दोन साप, पंख, सगळा थाट. मी म्हटलं अरे हा व्यापाऱ्यांचा आणि चोरांचा देव आहे, शिवाय मेलेल्यांना पोचवणारा, पेशंटला काय सुचवतोयस तू? तो जरा हलला, पण फ्लेक्सवाला म्हणाला, सर एक साप घेतला की डिझाइन एका बाजूला कलतं, दोन घेतले की कसं सारखं दिसतं. डॉक्टर म्हणाला, जाऊ दे रे, पेशंट काय साप मोजतात का. बोर्ड तसाच लागला, उद्घाटनाला मी पेढा खाल्ला आणि गप्प बसलो. चित्र टाकण्याआधी साप मोजा, एवढंच.

बाकीच्या चुका पटापट. होमर त्याच्या सोन्याच्या चपलांबद्दल सांगतो, त्यांना पंख असल्याचं सांगत नाही, पंख चित्रकारांचे. हर्मीस कायम कोवळा पोरगा नव्हता, जुन्या मडक्यांवर चांगला दाढीवाला आहे. लायर हे तंतुवाद्य वाजवतो संगीताचा देव अपोलो, पण बनवली हर्मीसने, जन्मल्या दिवशी, कासवाच्या पाठीपासून, आणि त्याच संध्याकाळी अपोलोच्या ५० गायी उलट्या पावलांनी चालवत पळवल्या. अथेन्समध्ये घरांच्या दारांशी त्याचं डोकं कोरलेले दगडी खांब असायचे, इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिली बेटावरच्या लष्करी मोहिमेआधी एका रात्रीत ते कोणीतरी फोडले आणि शहर हादरलं, हे तर कोणी लिहितच नाही.

आणि मर्क्युरी म्हणजे फक्त नाव बदललेला हर्मीस नव्हे हो. रोममध्ये तो आधी धंद्याचा देव, इ.स.पू. ४९५ मध्ये त्याचं देऊळ झालं आणि १५ मे हा व्यापाऱ्यांचा सण. रोमन कवी ओव्हिड सांगतो, त्या दिवशी व्यापारी त्याच्या झऱ्याचं पाणी मालावर आणि स्वतःच्या डोक्यावर शिंपडायचे, आधीच्या खोट्या शपथा धुऊन टाक म्हणायचे, आणि वर गिऱ्हाइकाला फसवायचा आनंदही मागून घ्यायचे. मर्क्युरी वरून हसायचा, कारण त्याला अपोलोच्या गायी आठवायच्या.